दोन्हीचा मासा

झुंबरबाईनं साफ केलेला मासा पुन्हा धुवावा लागत नाही, असं सगळी भोईवाडी म्हणायची, आणि झुंबरबाईला ते ठाऊक होतं. नुसतं ठाऊक नव्हतं, चांगलाच ताठा होता तिला त्याचा. कोल्हापूरच्या खाली, पंचगंगेच्या वळणावर भोयांची ही थोडकी घरं. गडीमाणसं जुनी काहील, म्हणजे गुळाचा रस आटवायची मोठी कढई, पाण्यात सोडायची, तिच्यात बसून जाळं टाकायची. बायका घाटाच्या फरशीवर विळ्या घेऊन ओळीनं बसायच्या. हात चालले की तोंडं चालायची. कुणाची सून काय बोलली, कुणाचा गडी बाजारातनं कसा डुलत आला, सगळा हिशेब तिथंच व्हायचा. त्यात झुंबरबाईचा आवाज सगळ्यांच्या वर. बाई अशी फटकळ, की समोर मामलेदार उभा राहिला तरी म्हणेल, "पावणं, उजेड अडीवलासा की! जरा सरका."

आखाड लागला की तिचा भाव आणखी वधारायचा. आखाडात शिंगाळा, मरळ असले मासे गाभोळीनं, म्हणजे अंड्यांनी, भरतात. मादीच्या पोटात पिवळी गाभोळी, नराच्या पोटात दुधासारख्या दोन पांढऱ्या पट्ट्या. ह्यात चुकायचं काय? बाई ती बाई आणि बाप्या तो बाप्या. खरी करामत असते ती गाभोळी न फुटता अख्खी बाहेर काढण्यात, आणि तिथं झुंबरबाईचा हात धरणारी कुणी नव्हती. कोल्हापुरातली गिऱ्हाइकं तिच्या डोक्यावरची टोपली खाली यायच्या आधीच विचारायची, "झुंबरबाई, गाभोळी हाय न्हवं?"

आता ह्या घराला एक जुनी गोष्ट चिकटलेली होती, ती आधी सांगायला पाहिजे, कारण पुढचं सगळं तिच्यावरच उभं आहे. झुंबरबाईचा नवरा आकाराम हा धाकटा. त्याचा थोरला भाऊ तानाजी. हा तानाजी ऐन विशीत एके दिवशी हिरवं लुगडं नेसला आणि यल्लमाच्या वाटेला लागला. जोगत्या झाला. त्यानंतर त्याला कुणी तानाजी म्हटलं नाही. तानाक्का म्हणतात, मग आपणही तानाक्काच म्हणू. डोक्यावर देवीचा जग, म्हणजे मुखवट्याची परडी, कपाळभर भंडारा, हातात वाजवायचं चौंडकं. तानाक्का गावोगाव फिरायची आणि सणासुदीला भोईवाडीत यायची. आली की तिचा मान राखला जायचा.

सासू बयाबाई जिवंत होती तोवर सांगायची, "तानाजी गेला त्या साली आखाडात माझ्या विळीवर एक मासा आलता. चिरला, तर एका अंगाला गाभोळी आन् एका अंगाला दूध. नर न्हाय, मादी न्हाय. दोन्हीचा! यल्लमाआईनं सांगावा धाडलाता, तुझ्या घरातला एक मला दे. मला मेलीला कळलंच न्हाय." मग कपाळाला भंडारा लावून पुढचं म्हणायची, "दोन्हीचा मासा ज्याच्या विळीवर, आईची नजर त्याच्या दारावर." म्हातारी गेली, गोष्ट राहिली. भोईवाडीच्या पोरी खालच्या-वरच्या गावांत नांदायला गेल्या, तशी गोष्टही त्यांच्या पदराला धरून गेली. नदीकाठची विळी धरणारी एकही बाई अशी नव्हती, की जिला ती ठाऊक नाही.

मोठ्या दुष्काळानंतर, पाऊसपाणी जरा बरं झालं तेव्हा, नदीच्या वरच्या अंगाला नाल्याकाठी एक कारखाना उभा राहिला. तिथं काय करतात ते नीट कुणालाच कळलं नाही. सूत आणि कापड धुवायला गिरण्यांना लागतं असलं काहीतरी पातळ औषध, एवढं कानावर आलं. लोकांनी नाव ठेवलं फेसाचा कारखाना. कारण नाला नदीला मिळतो तिथं फेस उठायचा, पांढराशुभ्र, गुडघ्याएवढा. आणि गंमत ऐका, बायकांना आनंद झाला! त्या पाण्यात लुगडं नुसतं बुचकळलं तरी निघतंय, साबणाची वडी वाचतीय. धुणं घेऊन बायका मुद्दाम नाल्याच्या तोंडाशी जायला लागल्या. पोरं फेसाच्या दाढ्या लावून नाचायची. आखाडात मरगाई देवीला नवं पाणी घालायला पोरींनी नदीवरनं घागरी भरल्या, तर घागरीच्या गळ्यावर फेस चढलेला. म्हातारे म्हणाले, नदीला उमाळा आलाय, साल चांगलं जाणार. डोंबलाचं चांगलं! पण तेव्हा बोलणार कोण? पाणी स्वच्छ करतंय म्हटल्यावर ते पाणी घाण आहे असं म्हणायला माणसाला तोंड होत नाही.

असे दोन-तीन पावसाळे गेले. मग एका आखाडात झुंबरबाईच्या विळीवर तो मासा आला.

शिंगाळा होता, हातभर. पोट दाबून तिनं मादी म्हणून बाजूला काढलेला. चिरला. एका अंगाला गाभोळी होती, पण कसली? फिकी, विरळ, शिळ्या भाकरीच्या चुऱ्यासारखी. आणि दुसऱ्या अंगाला पांढरी पट्टी. दुधाची. झुंबरबाईचा हात जागच्या जागी थांबला. ती गप्प झाली तशी सगळी ओळच गप्प झाली, कारण तिचं गप्प होणं हीच घाटावरची बातमी.

"काय गं झुंबरे, काय झालं?" शेजारणीनं विचारलं.

"काय न्हाय. बोट कापलं."

तिनं ती सगळी घाण मुठीत आवळली आणि लांब पाण्यात भिरकावली. मासा टोपलीत तळाला घातला. त्या दिवशी तिनं बाजारात कुणाशी वाद घातला नाही, भावही धरला नाही. टोपली रिकामी करून घरी आली ती थेट लगमाकडं बघत.

लगमा तिचा एकुलता एक. तोही विशीलाच टेकलेला. अंगानं शिडशिडीत, स्वभावानं गाय. गळा असा गोड, की भजनात त्यानं नुसता आलाप घेतला तरी म्हातारे माना डोलवायचे. आजवर झुंबरबाई त्या गळ्याचं कौतुक सांगत फिरायची. आता तोच गळा ऐकला की ती त्याला मधेच थांबवून काहीतरी काम सांगायला लागली. तानाजीचा गळाही असाच होता म्हणत!

आणि इथं एक सांगतो. तानाक्काला झुंबरबाईनं कधी कमी लेखलं नव्हतं. पण तानाजी गेला तो आपल्या पायानं गेला, आपल्या मनानं गेला. लगमाचं मन तिकडं नव्हतं. त्याचं मन नृसिंहवाडीच्या अलीकडच्या गावातल्या हौसा नावाच्या पोरीपाशी अडकलं होतं, आणि ते सगळ्या वाडीला माहीत होतं. दोन्हीच्या माशाची गोष्ट फुटली तर सोयरीक मोडणार. पंचमंडळी म्हणणार, आईनं मागितलाय, द्यायला पाहिजे. नको नको म्हणणाऱ्या पोराला लुगडं नेसवून यल्लमाच्या डोंगरावर नेणार. ह्या एका भीतीनं झुंबरबाईला धरलं ते धरलंच.

मग काय विचारता! पोरगं आरशापुढं जरा रेंगाळलं की ही मागं उभी. "काय बघालाईस मघापासनं? थोबाड बदलणार हाय व्हय?" लगमाचा हिरवा सदरा एक दिवस बोहारणीच्या गाठोड्यात गेला.

"आई, माझा सदरा कुठाय?"

"उंदरानं खाल्ला."

"अख्खा?"

"भूक लागली आसंल त्याला. तू गप जेव."

लगमा हसला. ती हसली नाही. चुलीकडं तोंड फिरवून पदरानं डोळे पुसत राहिली, आणि धूर लई झालाय म्हणाली. कोल्हापुरात मासे विकून झाले की ती कुणाला न सांगता ओढ्यावरच्या यल्लमाकडं जायची. हिरवा चुडा, खण, लिंबू ठेवायची आणि दबक्या आवाजात भांडायची. हो, भांडायचीच! "आई, मला घे. माझं हातपाय घे, डोळं घे. त्याला कशापायी? त्यानं तुझं काय केलंय?"

पुढच्या आखाडात तसले मासे वाढले. चार चिरले की एक निघायचा. मरळीतही निघाला. काहींत गाभोळी नुसती नावाला, दाणा दाणा सुटा आणि काळपट. झुंबरबाई आता विळी फिरवून बसायला लागली, पाठ सगळ्यांकडं आणि तोंड नदीकडं. कुणी विचारलं तर म्हणायची, ऊन लागतंय. ढगाळलेल्या आभाळाखाली ऊन! आणि नवल म्हणजे कुणी टोकलं नाही. हळूहळू बाकीच्या बायकाही एकेक करून फिरल्या. घाटावरची बडबड आटली. विळ्यांचा खसखस आवाज तेवढा राहिला.

त्याच दिवसांत माधव सर आले. कोल्हापुरात कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवणारे, सडपातळ, चष्मेवाले, सायकलच्या मागं बरण्यांची पेटी बांधलेले. आले ते फरशीवरच उकिडवे बसले.

"बायांनो, मासे चिरताना तुम्हाला काही वेगळं दिसतंय का हल्ली? म्हणजे एकाच माशाच्या पोटात गाभोळी पण आहे आणि नराचं दूध पण आहे, असं?"

विळ्या थांबल्या. कुणी कुणाकडं बघितलं नाही.

"मला नाल्याच्या खालच्या डोहात असा एक मासा सापडलाय," सर म्हणाले. "माझा संशय आहे त्या फेसावर. पण एका माशानं कोण ऐकतंय? मला म्हणतात, निसर्गात असतो एखादा असा. वीस-पंचवीस मिळाले तर मी ते वरच्या साहेबांपुढं नेऊन ठेवीन. मग कारखान्याला विचारता येईल. तुमच्या हातून रोज एवढे मासे जातात, म्हणून आलो."

झुंबरबाईच्या मांडीखाली, पाटीच्या आड, तसलाच एक मासा त्या वेळी पडलेला होता. सरांनी हात लांब केला असता तर लागला असता. तिला एकच दिसत होतं, बरणीत घातलेला तो मासा, सगळा गाव बघतोय, आणि खाली चिठ्ठी, झुंबरबाई आकाराम भोई हिच्या विळीवरचा. तिनं आवाज चढवला.

"ओ सर! आमच्या माशात असलं वंगाळ निघत न्हाय. जावा की वरच्या गावाला."

"बरं, बाकीच्यांना?"

"न्हाय बा," एक म्हणाली. "आमी तर असलं कवा बगिटलं न्हाय," दुसरी म्हणाली. सगळी ओळ न्हाय म्हणाली. सरांनी खाली मान घालून पेटी बांधली, सायकल ढकलत चढ चढले. ते दिसेनासे झाले तशा बायका मोठमोठ्यानं हसल्या. काय बाई येडं, माशाला बाई-बाप्या विचारतंय! हसणं जरा जास्तच झालं आणि मग एकदम थांबलं. अशी गोष्ट होती ती. मला तर अजून राग येतो. पण राग कुणाचा करायचा? त्यातली प्रत्येक बाई आपापलं घर वाचवत होती.

लगमाची सोयरीक उरकून टाकायची, हा झुंबरबाईला एकच उपाय दिसत होता. लग्न झालेल्या गड्याला यल्लमा कशाला बोलावेल? पण त्यातही एक मेख होती. ह्या भोयांत लग्न माघात, पण सुपारी आखाडात. आणि सुपारीला सोयरिकीचा मासा लागतो. पोरीकडचे पावणे पोरीला घेऊन येतात, सगळ्यांच्या समोर मुलाची आई गाभोळीचा मासा चिरते, गाभोळी अख्खी काढते, हळद-मीठ लावून तव्यावर परतते आणि आपल्या हातानं होणाऱ्या सुनेला भरवते. घर लेकुरवाळं होऊ दे म्हणून. तो मासा चिरल्याशिवाय सुपारी फुटत नाही.

झुंबरबाईनं भावाला, जोतीरामला, निरोप धाडला. तो बिद्रीकडं राहायचा, तिकडच्या नदीला हा फेस नव्हता. "येताना तिकडला गाभोळीचा मासा घिऊन ये, आन् कुणाला बोलू नगंस." पण सुपारीच्या दिवशीच नदीनाले चढले, वाटेत पुलावर पाणी आलं आणि त्याची एसटी पलीकडं अडकून पडली. पावणे मात्र आले. सोप्यात बसले. तानाक्काही आली होती, घरातलं थोरलं माणूस म्हणून तिला तक्क्याशी बसवलं होतं. आणि आकाराम, बिचाऱ्याला काही ठाऊक नव्हतं, छाती फुगवून आत आला. हातात हा एवढा शिंगाळा, पोट टम्म. "बघा पावणं! आपल्याच डोहातला!"

झुंबरबाई विळीवर बसली. समोर हौसाची आई शालूबाई, गुडघ्याला गुडघा लागेल इतकी जवळ. तीही विळीवरचीच बाई, तिच्यापासनं काय लपणार? मागं बाकीची मंडळी माना उंचावून. झुंबरबाईनं मनात सगळे देव गोळा केले आणि चीर दिली.

दोन्हीचा होता.

फिकी गाभोळी आणि तिच्याशेजारी ती पांढरी पट्टी, लख्ख. झुंबरबाईनं मान वर केली. शालूबाई बघत होती, नीट बघत होती. तिच्या कपाळावर घाम आला होता. आता ही उठणार, पदर झटकणार, लेकीचा हात धरणार, असं झुंबरबाईला वाटलं. तेवढ्यात शालूबाई पुढं वाकली, पदर माशावर पडला, तिचा हात चिरेत गेला आणि पांढरी पट्टी मुठीत घेऊन बाहेर आला.

"भरलीया!" ती मोठ्यानं म्हणाली. "चांगली भरलीया गाभोळी! ईनबाई, बघालासा काय? तवा ठेवा की!"

मंडळींनी हलकल्लोळ केला. हलगी वाजली. झुंबरबाईनं तवा ठेवला, गाभोळी परतली. तव्यावर तिचे बुडबुडे आले, एक वेगळाच वास आला, का तिला तसं वाटलं कोण जाणे. ताटली घेऊन ती हौसासमोर बसली. पोरगी लाजून चूर झालेली, तोंड उघडेना. घास हातात धरून झुंबरबाई क्षणभर थांबली. भरवू नये असं तिला फार वाटलं. पण पावणे बघत होते, लगमा दारातनं बघत होता, आणि त्या पोराच्या तोंडावर एवढा आनंद होता की काय सांगायचं! तिनं घास भरवला. हौसानं खाल्ला. सुपारी फुटली.

मागं परड्यात दोघी विहिणी समोरासमोर आल्या. शालूबाईची मूठ अजून मिटलेलीच होती.

"तुमीबी?" झुंबरबाईनं विचारलं.

"दोन सालं झाली. मला वाटलं आई माझ्या घरावर कोपली. म्हणूनशान हौसीला उजवाय घाई केली. म्हटलं, पोरगी एकदा ह्या घरातनं सुटू दे." शालूबाई रडायला लागली. "आमच्या घाटावर बायकांची बोटं लई कापाय लागलीत ईनबाई. रोज एकीचं कापतंय. रगत मात्र कुणाचं दिसत न्हाय."

झुंबरबाईला आपला घाट दिसला. सगळ्या पाठ फिरवून बसलेल्या. सरांना न्हाय म्हणणाऱ्या. मग दोघी तशाच तानाक्काकडं गेल्या, तिला परड्यात बोलावलं, आणि शालूबाईनं मूठ उघडली.

"अक्का, तुमचं पाय धरतो," झुंबरबाई म्हणाली. "आईला इचारा. तिला कोण पायजे? कुणाकुणाला मागतीया ती?"

तानाक्कानं ते हातात घेऊन निरखलं. मग हसली, पण ते हसणं बरं नव्हतं.

"दोन्हीचा मासा! आगं झुंबरे, माझ्या येळंला कसला मासा आन् कसलं काय! मी मासा बगून न्हाय गेलो. मला आतनं हाक आलती, ल्हानपणापासनं. पण पोरगं लुगडं नेसालं, ह्याचं कारण म्हातारीला गावाला सांगाय पायजे होतं की नगं? लोकं तिला टोचून खायाली हुती. मग तिनं मासा रचला. लोकं गप झाली. मीबी कवा खोडलं न्हाय. म्हटलं, म्हातारीला आधार हाय, ऱ्हाऊ दे."

झुंबरबाईनं कपाळावर हात मारून घेतला. इतके दिवस जिच्या भीतीनं पाठ फिरवून बसलो, ती एका म्हातारीनं आपल्या लेकरासाठी रचलेली गोष्ट!

"मग ह्ये काय हाय?" शालूबाईनं विचारलं. "ह्यो मासा तर खरा हाय. हातात हाय की."

तानाक्काचं हसणं गेलं. ती नदीकडं बघत राहिली. पलीकडं नाल्याच्या तोंडाशी फेस डचमळत होता.

"आई एखाद्याला हाक मारती," ती सावकाश म्हणाली. "नाव घिऊन मारती. अख्ख्या नदीला न्हाय मारत. ह्ये आईचं न्हाय. आईचं असतं तर बरं झालं असतं गं, आईला लुगडं-चोळी देता येती, पाय धरता येत्यात. ह्येचं पाय कुठं हाईत?" तिनं ते पांढरं खाली टाकलं आणि हात राखेनं खसाखसा घासले.

तेव्हाच सरांकडं जायला पाहिजे होतं. कुणीही म्हणेल. झुंबरबाईही म्हणत होती. पण तोंड उघडलं तर लोक आधी जुन्या गोष्टीवर जातील, लग्नात विघ्न येईल. लग्न होऊ दे मग बघू, असं दोघी विहिणींनी ठरवलं. माघात लग्न झालं. हौसा घरात आली, हसरी, कामाला चपळ, सासूच्या बोलण्याला बरोबर उत्तर देणारी. झुंबरबाईला तिचा लळा लागला. उन्हाळ्यात कळलं की हौसाला दिवस गेलेत. घरात गूळ वाटला.

आणि पुन्हा आखाड आला. झुंबरबाई घाटावर गेली, विळी सरळ लावली, सगळ्यांकडं तोंड करून बसली आणि आपल्या जुन्या आवाजात म्हणाली, "ऐका गं. माझ्या विळीवर दोन्हीचा मासा आला. एकदा न्हाय, लई येळा. कुणाच्या आला आसंल तिनं बोलावं." मग टोकाची एक म्हातारी म्हणाली, माझ्याबी. मग दुसरी. मग सगळ्याच. काही रडल्या, काही एकमेकींवर डाफरल्या, आधी का न्हाय बोललीस म्हणून. आता सरांना मासे द्यायचे ठरलं. वीस का, पन्नास देऊ म्हणाल्या!

पण मासाच आला नाही. गडी काहील घेऊन जायचे आणि मोकळे यायचे. चार-दोन म्हातारे मासे मिळाले, त्यांची पोटं कोरडी होती, ना गाभोळी ना दूध. काठाच्या उथळ पाण्यात दरसाल पिल्लांचे थवे वळवळायचे, तिथं एक पिल्लू नव्हतं. आकाराम दिवसभर डोहात बसून यायचा आणि एकच म्हणायचा, "नदी मोकळी हाय. नुसतं पाणीच हाय तिच्यात."

झुंबरबाई रिकाम्या हातानं कोल्हापूरला गेली. कॉलेज शोधलं, सरांना गाठलं, आणि उभ्या उभ्या सगळं सांगितलं. मांडीखाली लपवलेल्या माशासकट. सर रागावतील असं तिला वाटलं होतं. ते रागावले नाहीत, आणि तेच तिला सोसवेना.

"आता मासा नाही तर मी काय दाखवू, झुंबरबाई?" सर म्हणाले. "बघतो. पाणी तपासायला देऊन बघतो. पण त्याला कोण विचारणार."

ती निघाली, दारापर्यंत गेली आणि परत फिरली. विचारायचं ते अजून विचारलंच नव्हतं.

"सर, तसल्या माशाची गाभोळी मानसानं खाल्ली तर काय हुतं? सून हाय माझी. पोटुशी हाय. मी माझ्या हातानं भरीवलीया."

सरांनी चष्मा काढला. पुसला. पुन्हा घातला. "मला माहीत नाही," ते म्हणाले.

"मग कुणाला म्हाईत हाय?"

"कुणालाच नाही. अजून कुणी बघितलंच नाही."

"मग तुमी शिकलासा कशाला?" झुंबरबाई ओरडली. वर्गातली पोरं डोकावली. सरांच्या डोळ्यांत पाणी बघून तिलाच लाज वाटली. पदर तोंडाला लावून ती जिना उतरली.

घरी पोचली तेव्हा दिवस कलला होता. हौसा कमरेवर घागर घेऊन नदीवरनं येत होती, एका हातानं घागर सावरत आणि एका हातानं पोट. झुंबरबाई धावली. तिनं ती घागर ओढून घेतली आणि अंगणात उपडी केली. पाणी मातीवर पसरलं, बारीक फेस मागं ठेवून जिरून गेलं.

"ह्ये पाणी प्यायाचं न्हाय!" झुंबरबाई म्हणाली. "आजपासनं ह्ये पाणी घरात आणायचं न्हाय, सांगून ठेवतो!"

हौसा घाबरून बघत राहिली. विहिरीचं नाव काढावं तर ती काठावरच, नदीच्याच झऱ्याची.

"आत्ती," ती हळूच म्हणाली, "मग कुठनं आणू?"

आत चूल पेटायची होती, भात टाकायचा होता, गडी भुकेले येणार होते आणि हौसाला तहान लागली होती. झुंबरबाईनं घागर उचलली आणि ती स्वतःच नदीकडं पाणी आणायला गेली.